भुसावळचा संध्याकाळचा इंग्रजी क्लास: 'कोणी' या एका शब्दावर तीन आठवडे

पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. आधी मी या क्लासला का गेलो ते सांगतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मी सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघतो. घड येतात, फण्या सुटतात, धुऊन वजन होऊन तेरा किलोचे बॉक्स भरतात, कंटेनर तेरा-चौदा डिग्रीवर लावतात आणि तो न्हावा शेवा बंदराला निघतो, त्याच्या मागे जे मेल जातात ते माझ्याकडे. बारावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे जळगावला बीकॉम, इंग्रजी वाचायला अडचण नाही, लिहायलाही तशी नाही असं मी धरून चाललो होतो. मागच्या कांदेबाग केळीच्या सीझनला मी तिकडच्या एजंटच्या ऑफिसला मेल टाकला, मला म्हणायचं होतं की उद्या आमच्याकडून कोणीतरी येईल आणि कागदांचं पाकीट घेऊन जाईल, आणि मी लिहिलं 'एनीवन विल कम टुमारो अँड टेक द पेपर्स'. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पार्टीचा ड्रायव्हर तिथे काहीतरी कागद मागायला आला आणि आमचं पाकीट त्याच्या हातात गेलं. दीड दिवस कंटेनर तसाच उभा. मी फोनवर भांडायला लागलो तर तिकडचा माणूस शांतपणे मराठीत म्हणाला, "साहेब, तुम्हीच लिहिलंय ना कोणीही येईल म्हणून."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कोणीतरी आणि कोणीही यातला फरक मला मराठीत झोपेतही कळतो पण इंग्रजीत मी दोन्हीकडे एनीवन चिकटवत होतो. त्याच्या आधी मी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लासला पैसे भरून आलो होतो, तिथे बोर्डावर एक तक्ता होता, हकारार्थी वाक्यात सम, नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यात एनी, पाठ करा, पुढचा धडा. तो तक्ता अजून माझ्या वहीत आहे. त्या तक्त्यात माझी चूक पकडायची ताकद नव्हती असं नाही, पण कोणी ती समजावली नाही, आणि पाठ केलेलं घाईत कामाला येत नाही, घाईत आपली मराठीच पुढे येते.

भुसावळचा हा क्लास मला आमच्याच पॅकहाऊसमधल्या एका ताईंनी सांगितला. जामनेर रोडच्या आत, मॅडमच्या घराच्या पुढच्या खोलीत, संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ, आठवड्यातून पाच दिवस, दोन महिने, फी बावीसशे. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या. बॅचमध्ये आम्ही चौदा जण होतो, दोन नर्सिंगच्या मुली, रेल्वेत अप्रेंटिस करणारे तीन पोरं, एक किराणा दुकानवाले काका, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या चार ताई, बाकी आमच्यासारखे नोकरीवाले. काकांना सगळे काका म्हणायचे, मॅडमसुद्धा, आणि काका मॅडमना बाई म्हणायचे, शाळेत म्हणतात तसं.

दोन महिन्यांत काळ झाले, प्रश्न झाले, फोनवर बोलणं झालं, ते सगळं चांगलं होतं, इतर ठिकाणीही मिळतं. मला लिहायचंय ते मधल्या तीन आठवड्यांबद्दल, ज्यात मॅडमनी फक्त समवन, एनीवन, एव्हरीवन, नो वन आणि त्यांची भावंडं शिकवली. शाळेत आपण सर्वनामाचे सहा प्रकार पाठ केले, त्यातला एक सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम, आणि तो कायम घाईत उरकलेला. मॅडमनी तोच घेतला आणि इंग्रजीपासून सुरुवात केलीच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी बोर्डावर मराठीत एकच शब्द लिहिला, कोणी. आणि म्हणाल्या याचे जेवढे अवतार माहीत आहेत तेवढे सांगा. कोणीतरी, कोणीही, कोणीच, कोणी कोणी, कोणी ना कोणी, कोणीएक, अजून कोणी, दुसरं कोणी. एका ताईंनी जो तो सांगितलं. अमळनेरकडचा एक पोरगा म्हणाला आमच्याकडे कोनीबी म्हणतात, मॅडम म्हणाल्या ते पण लिही, 'ही'च्या जागी 'बी' आलाय, काम तेच करतो. अहिराणी बोलली म्हणून कोणी हसलं नाही, उलट त्यांनी त्याला वाक्य करायला लावलं. 'कोनी उनं व्हतं का?' आणि मग विचारलं, हे तू कधी म्हणशील?

तिथून जी गाडी सुटली ती मला फार आवडली. समजा तुम्ही संध्याकाळी घरी आलात आणि आईला सहज विचारलं, कोणी आलं होतं का. तुम्हाला काहीच अंदाज नाही, आलंही असेल नसेलही. इंग्रजीत तिथे 'डिड एनीवन कम?' आता समजा तुम्ही घरात शिरलात आणि मोरीत दोन जास्तीच्या कपबश्या दिसल्या. आता तुम्ही काय विचाराल? सगळ्या वर्गातून एकदम आलं, "कोणीतरी आलं होतं का?" मॅडम म्हणाल्या झालं, इथे 'डिड समवन कम?' म्हणजे प्रश्न आहे म्हणून एनी असं काही नाही, मनात उत्तर हो असल्याचा अंदाज असेल तर प्रश्नातही सम येतो. आणि तो अंदाज मराठी 'तरी' लावून दाखवते, तो फरक तुम्ही जन्मापासून करताय.

मी तिथे बसून अक्षरशः वहीत मोठी चौकट केली. इतकी वर्षं मला वाटायचं की 'वुड यू लाइक सम टी' हा काहीतरी अपवाद आहे, पाठ करायचा. अपवाद नाहीच आहे तो. पाहुण्याला विचारताना आपल्याला त्याने हो म्हणावं असं वाटतं म्हणून सम. आपल्याकडे पाहुणा दारात आला की "काही घेणार का" असं कोरडं कोणी विचारत नाही, "काहीतरी घ्याच" म्हणतात, तेच ते समथिंग. काही घेणार का हे एनीथिंग, त्यात नाही म्हणायची मोकळीक जास्त. अशा साध्या गोष्टी घेऊन शिकवणं सोपं नाही, त्यासाठी शिकवणाऱ्याने दोन्ही भाषा नीट ऐकलेल्या लागतात.

दुसरा दिवस माझ्या चुकीचा होता. मी मेलची गोष्ट सांगितली, मॅडमनी नाव न घेता ती बोर्डावर घेतली. हकारार्थी वाक्यात एनीवन येतच नाही असं तो जुना तक्ता म्हणत होता, तेही खरं नाही. 'एनीवन कॅन लर्न धिस' हे अगदी बरोबर वाक्य आहे, कोणीही शिकू शकतं, कोण ते महत्त्वाचं नाही, ज्याला यायचं त्याने या. म्हणजे हकारार्थी वाक्यात एनीवन म्हणजे दार उघडं. समवन म्हणजे एक माणूस नक्की आहे, फक्त त्याचं नाव मी सांगत नाही किंवा मला माहीत नाही. माझ्या मेलमध्ये एक माणूस नक्की होता, आमचाच, फक्त कोण जाणार ते ठरलं नव्हतं. म्हणून 'समवन विल कम'. मी दार उघडं ठेवलं आणि पाकीट गेलं.

मग एका ताईंनी विचारलं की मॅडम एव्हरीवन आणि एनीवन दोन्हीत सगळेच येतात मग फरक काय. मॅडमनी लग्नाचं आवतण काढलं. चूलबंद आवतण असलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे जेवायला, हे एव्हरीवन. आणि घरटी एक, मग तो बाप येवो मुलगा येवो सून येवो, कोणीही एक, हे एनीवन. एव्हरीवन सगळ्यांना एकदम गोळा करतं, एनीवन सगळ्यांसमोर ठेवतं पण उचलतं एकालाच. मला नंतर कळलं की इंग्रजीतला एनी हा शब्द जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाच्या शब्दापासूनच बनलेला आहे, म्हणजे घरटी एक हे उदाहरण किती नेमकं बसलं बघा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यासाठी मी म्हणेन की नुसत्या या एका दिवसासाठी बावीसशे वसूल आहेत. आपण मराठीत म्हणतो कोणीही आलं नाही. शब्दाला शब्द लावला की होतं 'एनीवन डिड नॉट कम'. माझ्या जुन्या तक्त्याप्रमाणे हे वाक्य बरोबर ठरतं, नकारार्थी आहे, एनी आहे. आणि हे वाक्य इंग्रजीत चूक आहे. मी हे वाक्य किती मेलमध्ये लिहिलंय त्याचा हिशोब नाही, आमच्या ऑफिसमध्ये सगळेच लिहितात, 'एनीबडी इज नॉट अव्हेलेबल ऑन संडे', आणि समोरचा माणूस समजून घेतो म्हणून चालून जातं.

मॅडमनी रेल्वेच्या पोरांना उभं केलं. विचारलं, इंजिन कुठे लागतं? पुढे. आणि कसारा घाटात? पोरं म्हणाली तिथे मागूनही लागतं, बँकर, गाडी मागून ढकलतं. बस, मॅडम म्हणाल्या, मराठीचा नाही हा मागचा बँकर आहे, सगळं वाक्य बोलून झालं की शेवटी येऊन मागून नकार लावतो. कोणीही, आज, इतक्या उन्हात, दुकानात, आलं नाही. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कळत नाही आलं की नाही. इंग्रजीत नकाराचं इंजिन पुढेच लागतं. एनीवन हा डबा आहे, नकारार्थी वाक्यात तो इंजिनाच्या मागेच जोडायचा, इंजिनाच्या पुढे डबा लागत नाही. 'आय डिड नॉट सी एनीवन', यात नॉट पुढे एनीवन मागे, गाडी बरोबर. 'एनीवन डिड नॉट कम', डबा इंजिनाच्या पुढे गेला. मग करायचं काय? डबा आणि इंजिन एकच करायचं, 'नो वन केम', 'नोबडी केम'. नकार पहिल्याच शब्दात बसला, आता क्रियापदाला नॉट नको.

नॉट नको यावर एक अख्खा दिवस गेला, कारण आम्ही सगळे 'नो वन डिड नॉट कम' करत होतो. मराठीत 'कोणीच आलं नाही' मध्ये कोणीच स्वतः नकार नाही, नाही लागतोच. इंग्रजीच्या नो वनमध्ये नकार आत भरलेला आहे. दोन नकार लावले तर आजच्या पुस्तकी इंग्रजीत अर्थ उलटा होतो, म्हणजे सगळेच आले असा होतो. बोलीतल्या इंग्रजीत आणि गाण्यांत दोन नकार ऐकू येतात, तेही मॅडमनी सांगितलं, पण मेलमध्ये नको म्हणाल्या.

पुढे त्यांनी असे शब्द दिले ज्यात नकार दिसत नाही पण इंजिन लावल्यासारखं काम होतं. विदाउट, हार्डली, बिफोर, इफ. 'विदाउट टेलिंग एनीवन', कोणालाही न सांगता. 'हार्डली एनीवन', जवळपास कोणीच नाही. मे महिन्यात दुपारी दोनला आमच्याकडच्या रस्त्यावर जी स्थिती असते ती हार्डली एनीवन, हे उदाहरण नर्सिंगच्या मुलीने दिलं आणि ते कोणाच्याही डोक्यातून आता जाणार नाही. 'इफ एनीवन कॉल्स', कोणाचा फोन आला तर. आता इथे गंमत बघा, मराठीत "कोणाचा फोन आला तर सांग" आणि "कोणाचातरी फोन आला तर सांग" यात पण तोच कपबशीचा फरक आहे, दुसऱ्यात फोन यायची वाट बघणं आहे.

काकांचा प्रश्न मला सगळ्यात खोल वाटला. त्यांच्या दुकानात पाटी आहे, उधार कोणालाही दिले जाणार नाही. ते म्हणाले बाई मी याचं इंग्रजी केलं, 'आय डोन्ट गिव्ह क्रेडिट टू एनीवन', बरोबर का? मॅडम म्हणाल्या बरोबर. काका म्हणाले पण मी देतो ना, ओळखीच्यांना देतो, महिन्याच्या वहीवर. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या काका हेच वाक्य तुम्ही दोन प्रकारे बोलून दाखवा. काकांनी आधी साधं म्हटलं, मी कोणालाही उधार देत नाही, म्हणजे कुणालाच नाही. मग 'कोणालाही'वर जोर देऊन, मान हलवून, मी कोणालाऽही उधार देत नाही, म्हणजे येईल त्याला देत नाही, माणूस बघून देतो. इंग्रजीतही अगदी हेच होतं, आवाजाच्या चढउताराने त्याच वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि लिहिताना आवाज नसतो म्हणून मध्ये 'जस्ट' घालतात, 'टू जस्ट एनीवन'. दोन भाषा इतक्या लांबच्या आणि इथे येऊन एकाच वळणावर उभ्या. मला त्या दिवशी घरी जाताना यावल रोडला बाईकवर तेच वाक्य म्हणत जायची सवय लागली.

काही गोष्टी आपल्या बाजूने आहेत हेही पहिल्यांदा कळलं. इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येतं, न्यू मोबाईल, स्वीट डिश, पण या शब्दांच्या बाबतीत मागे जातं, 'समथिंग न्यू', 'समथिंग स्वीट'. हे बाकीच्या पुस्तकांत लक्षात ठेवा म्हणून दिलेलं असतं. मराठीत आपण म्हणतो काय? काहीतरी नवीन, काहीतरी गोड. क्रम तोच! फक्त विश्वास ठेवून जसं सुचतं तसं म्हणायचं. मॅडम मुद्दाम अशा जागा दाखवायच्या, की इथे तुमची मराठी तुम्हाला वाट दाखवते, घाबरू नका, आणि इथे ती आड येते, इथे सांभाळा.

आड येणारी एक जागा म्हणजे अजून कोणी. स्टँडवर गाडीवाले ओरडतात ना, अजून कोणी यावल, अजून कोणी फैजपूर. ते 'मोअर एनीवन' नाही, 'एनीवन एल्स'. आणि एल्स नेहमी मागे. त्यातून पुढे 'समवन एल्स', दुसरं कोणीतरी, आणि मालकी दाखवायची तर चिन्ह समवनला नाही, एल्सला लागतं. क्लासच्या दारात चपलांचा ढीग असायचा, एकदा खरंच एका ताईंची चप्पल बदलून गेली, त्या दिवशी सगळ्यांनी तेच वाक्य लिहिलं, 'समवन टुक समवन एल्सेस चप्पल्स'. चप्पल दुसऱ्या दिवशी परत आली.

एव्हरीवनला एकवचनी क्रियापद लागतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे चुकतात, कारण मनात 'सगळे' असतं आणि सगळे आले हे अनेकवचन. मॅडमचा उपाय एका ओळीचा, मनात सगळे म्हणू नका, प्रत्येकजण म्हणा. प्रत्येकजण आला, 'एव्हरीवन हॅज कम'. माझ्यासाठी तरी तेवढ्यावर ती चूक संपली.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. 'एव्हरीवन शुड ब्रिंग' आणि पुढे डबा कोणाचा, हिज की हर? मी शाळेत हिज शिकलो होतो. वर्गात बायका जास्त, त्यातल्या एका ताईंनी स्पष्ट विचारलं की आम्ही इतक्या जणी बसलोय आणि डबा त्याचा कसा? मॅडम म्हणाल्या 'देअर' लिहा, 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर ओन टिफिन', आणि हे आजकालचं फॅड नाही, असं देअर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतं, मधल्या काळात व्याकरणकारांनी त्याला चूक ठरवलं, आणि आता परत मान्य झालंय, मेरियम वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने तर २०१९ मध्ये 'दे' हाच वर्षाचा शब्द निवडला होता. मग त्यांनी मराठी वाक्य लिहिलं, प्रत्येकाने आपापला डबा आणावा. आपापला! त्यात आणणारी बाई की माणूस काही नाही. डबा असेल तर आपापला, वही असेल तर आपापली, ते वस्तूवरून ठरतं, माणसावरून नाही. ज्या गोष्टीसाठी इंग्रजीत इतका वाद झाला ती आपल्याकडे एका शब्दात पडलेली आहे आणि आपण कधी बघितलीच नाही. त्या दिवसापासून मी मेलमध्ये 'हिज ऑर हर' लिहिणं बंद केलं, देअर लिहितो.

शेपटीचा प्रश्न, म्हणजे क्वेश्चन टॅग, तोही त्यातच येतो, 'एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे?' आधी एकवचन आणि शेपटीत दे. 'नोबडी कॉल्ड, डिड दे?' नकार आतच आहे म्हणून शेपटी सरळ. हे पटकन झालं, सराव कमी पडला.

जोडून की तोडून यावर अर्धा तास. नो वन हे दोन शब्द, नोबडी एक शब्द. एनीवन जोडून म्हणजे कोणीही माणूस. एनी वन तोडून लिहिलं की कोणताही एक, आणि पुढे बहुतेक वेळा ऑफ येतं, 'एनी वन ऑफ दीज बॉक्सेस', या बॉक्सपैकी कोणताही एक. माझ्या कामात हे रोज लागतं, सॅम्पल म्हणून कोणताही एक बॉक्स उघडा असं लिहायचं असतं. बोलतानाही कळतं, तोडून असेल तेव्हा वनवर जोर पडतो. एव्हरीवन आणि एव्हरी वन ऑफ यांचंही तसंच. एनीवन आणि एनीबडी यात अर्थाचा फरक नाही, वनवालं थोडं लिखाणातलं आणि बडीवालं थोडं बोलण्यातलं वाटतं, एवढंच.

आता तो कापलेला अर्धा. नन या शब्दाला मॅडमनी वीस मिनिटंही दिली नाहीत. 'नन ऑफ द बॉक्सेस वॉज डॅमेज्ड' की 'वेअर डॅमेज्ड', हा माझा रोजचा प्रश्न. त्यांनी सांगितलं दोन्ही चालतं, जुन्या लोकांना वॉज आवडतं, आणि पुढे गेल्या. उत्तर बरोबर आहे, मी नंतर बघितलं, पण बाकी सगळ्याला कपबशी, चपला, आवतण आणि याला काहीच नाही? नो वन फक्त माणसांसाठी आणि नन माणसं वस्तू दोन्हींसाठी, त्यांच्यापैकी एकही नाही असं, एवढं तरी वाक्यं देऊन हवं होतं. तसंच 'वन शुड', म्हणजे आपल्या मराठीत माणसाने असं करावं म्हणतो ते, ते पण शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत. नोट्स छापील मिळत नाहीत, सगळं वहीत स्वतः उतरवायचं, एक दिवस चुकला तर कोणाची तरी वही मागावी लागते. मी मॅडमना हे तोंडावर सांगितलंय, त्या म्हणाल्या स्वतः लिहिलेलं राहतं. पटतं, पण रात्रपाळी करणाऱ्यांसाठी निदान वाक्यांचा एक कागद झेरॉक्स करून द्यावा असं माझं अजून म्हणणं आहे. बोलायचा सरावही तिसऱ्या आठवड्यात कमी झाला, लिहिणं जास्त.

आणि खोली. चौदा जण, एक कूलर, एप्रिलमध्ये साडेसातलाही भिंती तापलेल्या असतात. कूलरचा आवाज इतका की मागच्या ओळीला कॅन आणि कान्ट मधला फरक ऐकू येत नाही. मॅडम मग कूलर बंद करून शिकवायच्या आणि सगळे घामाने निथळत बसायचे, पण उठून गेलं असं कोणी मी बघितलं नाही.

मॅडमबद्दल एक सांगायलाच पाहिजे. त्यांनी चुकलेलं वाक्य कधी खोडलं नाही. त्याच्या शेजारी ते वाक्य मराठीत ज्या रूपात डोक्यात आलं असेल ते लिहायच्या आणि विचारायच्या, असंच आलं होतं ना? नव्वद टक्के वेळा असंच आलेलं असायचं. चूक इंग्रजीची नसून मराठीतून येताना कुठल्या स्टेशनवर उतरलो ती आहे, हे कळलं की लाज वाटत नाही. काकांसारखा साठीचा माणूस रोज हात वर करून प्रश्न विचारायचा यातच सगळं आलं.

क्लास संपून आता तीन महिने झाले. परवा रविवारी लोडिंगला माणसं नव्हती, मी मेल लिहायला बसलो आणि बोटं सवयीने एनीबडी टाइप करायला लागली, मी थांबलो, इंजिन पुढे, खोडलं, 'नो वन विल बी अव्हेलेबल ऑन संडे, समवन फ्रॉम अवर टीम विल कॉल यू ऑन मंडे मॉर्निंग' लिहिलं. आमच्याच टेबलवरच्या दुसऱ्या पोराने वाचलं, म्हणाला काय भो, एनीबडी का काढलं? त्याला मी कसारा घाटापासून सगळं समजावलं, जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, नवीन बॅच आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुरू होते, त्याच्या आधीचा आठवडा बंद असतो कारण निम्म्या ताया माहेरी गेलेल्या असतात. फी दोन हप्त्यांत घेतात. दोनशे पानी वही न्या, शंभर पानी पुरत नाही. गाडी बाहेर गल्लीत लावता येते पण आडवी लावू नका, समोरच्यांची रिक्षा रात्री आत येते. खिडकीजवळची खुर्ची पाहिजे असेल तर सव्वासातला पोचा, आणि चपला दारात न काढता उजवीकडच्या रॅकवर ठेवा.